खेळाडूवर चिडा, जातीवर का घसरता? फॅनगिरीची हद्द सोप्या भाषेत

हणमंतवाडीतला मृत्यू, वानखेडेवरची हुर्यो आणि आपल्या ग्रुपवर रोज पडणारी एक शिवी. तिन्हींचा एकमेकांशी काय संबंध?

डिजिटल डेस्क, सायखेडा (ता. निफाड)

२७ मार्च २०२४. हैदराबादमध्ये मुंबई इंडियन्स विरुद्ध सनरायझर्स हैदराबाद ही मॅच सुरू होती. दोन्ही डाव मिळून ५२३ धावा झाल्या. त्याच वेळी कोल्हापूर जिल्ह्यात, करवीर तालुक्यातल्या हणमंतवाडीत ६३ वर्षांचे एक गृहस्थ टीव्हीवर ही मॅच बघत होते. ते चेन्नईचे चाहते. रोहित शर्मा आउट झाला तेव्हा त्यांनी आनंद व्यक्त केला आणि आता मुंबई जिंकत नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलले. त्यावरून वाद पेटला. दोघांनी त्यांना मारहाण केली, डोक्याला जबर मार लागला आणि काही दिवसांत उपचार सुरू असतानाच त्यांचा मृत्यू झाला. पोलिसांनी दोन संशयितांना अटक केली.

त्या दिवशी चेन्नईची मॅचही नव्हती.

ही बातमी आली तेव्हा 'खेड्यातली भांडणं' म्हणून अनेकांनी पुढे स्क्रोल केलं. पण खेडं, शहर असा हा विषय नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये तमिळनाडूच्या अरियालूर जिल्ह्यात विराट मोठा की रोहित मोठा, यावरून मित्रानेच मित्राचा जीव घेतला. रोज आपल्या मोबाइलमध्ये जे चालतं त्याचं हे शेवटचं टोक आहे. बहुतेक भांडणं इथपर्यंत जात नाहीत, पण वाट हीच असते.

सायखेडा, चांदोरी, अख्खा गोदाकाठ आयपीएलच्या दोन महिन्यांत कसा बदलतो ते इथल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. दिवसभर कांद्याचा लिलाव, द्राक्षाची तोड, आणि रात्री साडेसातनंतर प्रत्येकाच्या हातात मॅच. उपबाजारात एकाच ट्रॅक्टरवर बसून येणारे दोघं रात्री ग्रुपवर एकमेकांच्या घरापर्यंत जातात. सकाळी पुन्हा एकत्र चहा होतो, म्हणून आपण ते हसण्यावारी नेतो. प्रत्येक वेळी ते हसण्यावारी जाईलच असं नाही, म्हणून हा लेख.

वानखेडेवर नेमकं काय झालं होतं?

डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सने रोहित शर्माच्या जागी हार्दिक पांड्याला कर्णधार केलं. पाच विजेतेपदं मिळवून देणाऱ्या रोहितला असं बाजूला केलेलं चाहत्यांना आवडलं नाही. नाराजी समजण्यासारखी होती. निर्णय फ्रँचायझीचा होता. राग मात्र हार्दिकवर निघाला.

२०२४ च्या आयपीएलमध्ये आधी अहमदाबादला, मग हैदराबादला त्याची हुर्यो उडवली गेली. १ एप्रिलला मुंबई घरच्या मैदानावर, वानखेडेवर उतरली. टॉसच्या वेळी समालोचक संजय मांजरेकर यांना प्रेक्षकांना नीट वागा, असं सांगावं लागलं. मॅच सुरू असताना सीमारेषेजवळ उभ्या असलेल्या रोहितनेच प्रेक्षकांना 'शांत व्हा' अशी हाताने खूण केल्याचा व्हिडिओही फिरला. ज्याच्या नावाने हा गोंधळ चालला होता, त्यालाच तो नको होता.

सहा दिवसांनी, ७ एप्रिलला याच मैदानावर दिल्लीविरुद्ध मॅच होती. मुंबई इंडियन्स दरवर्षी एक घरची मॅच स्वयंसेवी संस्थांमधल्या मुलांसाठी ठेवते. त्या दिवशी हजारो मुलं स्टँडमध्ये होती आणि वानखेडेवर जल्लोष होता. मुंबईने त्या हंगामातला पहिला विजय त्याच दिवशी मिळवला. मैदान तेच, कर्णधारही तोच. कोणाला कोणाचा राग करायचा असतो, हे मुलांना अजून शिकवलेलं नव्हतं.

पुढचं सगळ्यांना आठवतं. मुंबई तळाला, दहाव्या क्रमांकावर राहिली. मग २९ जूनला बार्बाडोसमध्ये टी-२० वर्ल्डकपची फायनल. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या होत्या आणि चेंडू हार्दिकच्या हातात होता. भारत ७ धावांनी जिंकला. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवरून मिरवणूक वानखेडेवर पोहोचली, तेव्हा त्याच स्टँडमधून हार्दिकच्या नावाचा गजर झाला.

१ एप्रिल ते ४ जुलै, मोजून ९४ दिवस. एवढ्या दिवसांत माणूस नालायकाचा नायक होत नाही. बदलला तो निकाल. म्हणजे आपला राग आणि आपलं प्रेम, दोन्ही खेळाडूबद्दल कमी आणि स्वतःला कसं वाटतंय त्याबद्दल जास्त होतं.

हुर्यो उडवणं चूक आहे का?

माझ्या मते नाही. तिकीट काढून आलेला किंवा रात्र जागवलेला प्रेक्षक नाराजी दाखवणारच. मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत खुद्द सचिन तेंडुलकरला वानखेडेवर हुर्यो ऐकावी लागली होती. म्हणून मुंबईकरांचं सचिनवरचं प्रेम संपलं नाही. तेव्हाची हुर्यो मैदानात उडाली आणि लोक लोकल पकडून घरी गेले.

आज दोन गोष्टी बदलल्या आहेत. एक, मॅच संपते पण मोबाइल संपत नाही. खेळाडू हॉटेलच्या खोलीत पोहोचतो तेव्हा आपण त्याच्या आधी तिथे पोहोचलेले असतो. दोन, टीका खेळावर थांबत नाही. ती बायको, आई, मूल, धर्म, जात, रंग या वाटेने जाते.

ताजी उदाहरणं आपल्यासमोर आहेत. २४ ऑक्टोबर २०२१ ला दुबईत भारत पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरला. अकरा जण हरले, पण निशाण्यावर आला मोहम्मद शमी आणि त्याचा धर्म. कर्णधार विराट कोहलीने पत्रकार परिषदेत शमीची बाजू ठामपणे घेतली. त्यानंतर विराटच्या नऊ महिन्यांच्या मुलीबद्दल अत्यंत घाणेरडी धमकी टाकली गेली. त्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी हैदराबादमधून २३ वर्षांच्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरला अटक केली. पुढे एप्रिल २०२३ मध्ये तक्रारदाराच्या संमतीने मुंबई उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. मी स्वतः इंजिनिअरिंग केलेलं आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो: 'अडाणी लोक ट्रोल करतात' हा आपला गोड गैरसमज आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये आशिया कपमध्ये अर्शदीपसिंगकडून एक कॅच सुटला. काही तासांत त्याला खलिस्तानी ठरवलं गेलं, विकिपीडियावरचं त्याचं पानही तसं बदलण्यात आलं. केंद्र सरकारला विकिपीडियाकडे विचारणा करावी लागली. कॅच सुटण्याचा आणि पगडीचा संबंध काय, हे विचारायला कोणाला सुचलं नाही.

आपण बाहेर गेलो की हेच आपल्याला टोचतं. जानेवारी २०२१ मध्ये सिडनीत मोहम्मद सिराजला प्रेक्षकांनी शिवीगाळ केली, खेळ थांबला, सहा जणांना स्टेडियमबाहेर काढलं गेलं. तेव्हा आपण सगळे वर्णद्वेषाविरुद्ध बोलत होतो. ऑक्टोबर २००७ मध्ये याच वानखेडेवर अँड्र्यू सायमंड्सला माकडाचे हावभाव करून चिडवलं गेलं होतं आणि पोलिसांनी चौघांवर कारवाई केली होती, हे मात्र आपण लवकर विसरलो.

'छपरी' म्हणजे काय, माहीत आहे?

हार्दिकच्या वेळी सगळ्यात जास्त फिरलेला शब्द होता 'छपरी'. आज तो कोणालाही चिकटवला जातो. केस रंगवले, छपरी. भडक शर्ट घातला, छपरी. जुनी बाइक सजवली, छपरी. स्वस्त मोबाइलवर रील केला, छपरी.

हा शब्द छप्परबंद समाजाशी जोडला जातो. गावोगाव फिरून गवताची, झावळ्यांची छपरं शाकारणारे ते छप्परबंद. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत या समाजाची नोंद आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि पुढे अशा अनेक भटक्या समाजांवर जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का बसला. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला, म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. कायदा गेला, पण शिक्का आता कमेंटमध्ये मारला जातो.

'आम्हाला काय माहीत होतं? आम्ही नुसतं टपोरी अशा अर्थाने म्हणतो,' हे उत्तर येणार. खरंही असेल. पण अर्थ बघा ना. कोणाची हेटाळणी होते? ज्याच्याकडे पैसे कमी, ज्याची आवड 'आपल्यासारखी' नाही, जो मधल्या पायऱ्या न चढता एकदम वर आला. शब्दाचा इतिहास माहीत नसला तरी निशाणा बरोबर तिथेच लागतो. शिवी माणसाच्या खेळाला कधी लागतच नाही, ती त्याच्या पायरीला लागते.

क्रिकेटमध्ये ही पायरी जुनीच आहे. १८७६ मध्ये धारवाडला जन्मलेले पळवणकर बाळू हे चांभार समाजातले. पुण्याच्या युरोपियन क्लबात खेळपट्टीची कामं करता करता ते नेटमध्ये गोलंदाजी करू लागले आणि देशातले अव्वल डावखुरे फिरकी गोलंदाज झाले. हिंदूंच्या संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती. मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं.

तेव्हाही टाळ्या वाजवणारे खूप होते, पण जिंकून दे आणि बाहेर चहा पी, अशी त्या टाळ्यांची अट होती. वर्ल्डकप जिंकला तर 'आपला हार्दिक', हरला तर 'छपरी' यातली अटही मला फार वेगळी वाटत नाही.

आपण असे का वागतो?

१९७० मध्ये हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. मुलांना पडद्यावर ठिपके दाखवले आणि किती आहेत ते ओळखायला सांगितलं. मग 'तू जास्त सांगणाऱ्यांच्या गटात, तू कमी सांगणाऱ्यांच्या' अशी वाटणी केली. वाटणी खरं तर कशीही केलेली होती. नंतर थोडे पैसे वाटायला दिले. मुलांनी आपल्या गटाला जास्त दिले. एवढंच नाही, दुसऱ्या गटापेक्षा फरक मोठा दिसावा म्हणून आपल्या गटाचा थोडा तोटाही चालवून घेतला. ठिपक्यांवरून एवढं होत असेल, तर निळ्या-पिवळ्या जर्सीवरून काय होईल?

आणि आपली जर्सी तरी किती 'आपली' आहे? पुण्याचा ऋतुराज गायकवाड चेन्नईचा कर्णधार झाला. मुंबईचा कर्णधार हार्दिक बडोद्याकडून खेळत मोठा झाला. नाशिकच्या रामकृष्ण घोषला २०२५ च्या हंगामासाठी चेन्नईने ३० लाखांना घेतलं. म्हणजे मुंबईसाठी चेन्नईवाल्याची आई-बहीण काढणारा नाशिककर आपल्याच जिल्ह्याच्या पोराच्या टीमला शिव्या देत असतो. संघ लिलावात बनतात. लिलाव काय असतो, हे कांदा विकणाऱ्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. आज ज्याने बोली लावली त्याची गाडी, उद्या दुसऱ्याची.

दुसरा अभ्यास १९७६ चा, रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांचा, अमेरिकेतल्या विद्यापीठांमधला. शनिवारी विद्यापीठाची फुटबॉल टीम जिंकली की सोमवारी विद्यापीठाच्या नावाचे कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढायचे. जिंकल्यावर विद्यार्थी 'आपण जिंकलो' म्हणायचे, हरल्यावर 'ते हरले'. आपल्या ग्रुपवर आज रात्री बघा. जिंकलो तर 'आपण', हरलो तर 'या भिकारड्यांनी घालवली'.

आणि मोबाइल काय करतो?

तो या सवयीला खतपाणी घालतो. कसं, ते सोपं आहे.

समजा एकाच मॅचवर दोन पोस्ट पडल्या. पहिली: 'शेवटच्या चार षटकांत यॉर्कर कमी पडले, फिल्डिंगही एक पाऊल मागे होती.' दुसरी: 'या छपऱ्याला हाकला.' पहिली वाचून दहा जण मान डोलावतात आणि पुढे जातात. दुसरीखाली दहा जण हसतात, दहा जण चिडतात, वीस जण भांडतात, पाच जण मित्राला टॅग करतात. अॅपच्या हिशेबात पहिली पोस्ट पडीक, दुसरी 'लोकांना आवडलेली'. म्हणून ती आणखी हजार जणांना दाखवली जाते. अॅपला चांगलं-वाईट कळत नाही, त्याला तुमचा अंगठा किती वेळ थांबला ते कळतं. तेवढ्या वेळात जाहिरात दिसते.

हा नुसता अंदाज नाही. फेसबुकमधून बाहेर आलेल्या कागदपत्रांच्या आधारे ऑक्टोबर २०२१ मध्ये छापून आलं की, २०१७ पासून कंपनीच्या गणितात रागाच्या इमोजीला साध्या लाइकच्या पाचपट वजन होतं. म्हणजे एखाद्याला चिडवलं की ती पोस्ट पाच लाइकइतकी वर जायची. २०२० मध्ये हे वजन शून्यावर आणलं गेलं. तोपर्यंत भडकवल्यावर माल खपतो, हे पेज चालवणारे सगळे शिकून मोकळे झाले होते.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. शिवीला शिवीने उत्तर देणारा चांगला माणूससुद्धा ती शिवी वर ढकलतो. अॅपच्या हिशेबात दोघंही गिऱ्हाईकच.

व्हॉट्सअॅपचं गणित वेगळं. तिथे वर-खाली करणारं यंत्र नाही, ते काम आपण फॉरवर्ड करून करतो. २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आली आणि २०२० मध्ये फार वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं गेलं. तिथला शेवटचा ब्रेक मात्र आपल्या बोटातच आहे.

मुलींनी मॅच बघायची नाही का?

गावच्या क्रिकेट ग्रुपवर मुली किती आहेत, मोजून बघा. बहुतेक ठिकाणी शून्य. आणि मग आपण म्हणतो, 'त्यांना आवडच नाही.'

आवड नसते असं नाही, परीक्षा नको असते. मुलाने मुंबईची जर्सी घातली की तो फॅन. मुलीने घातली की 'सांग बरं, गली आणि पॉइंटमध्ये फरक काय?' पोराला कोणी हा प्रश्न विचारत नाही. तिने बरोबर उत्तर दिलं तर 'गुगल केलं असेल', आणि एखाद्या खेळाडूचं कौतुक केलं तर 'दिसायला आवडतो म्हणून'. वर ग्रुपवर आईबहिणीवरून शिव्या. अशा ठिकाणी कोण थांबेल?

मे २०२२ मध्ये पुण्यात महिलांच्या टी-२० चॅलेंज स्पर्धेत आपल्या सिन्नरची लेगस्पिनर माया सोनवणे खेळली. तिची अंग पूर्ण वाकवून चेंडू टाकण्याची शैली देशभर व्हायरल झाली. पुरुषाने अशी शैली आणली की ती 'मिस्टरी' ठरते, मुलीने आणली की आधी मीम होतो.

३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये वर्ल्डकपच्या सेमीफायनलला मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा केल्या. ३३९ चं लक्ष्य गाठलं गेलं. स्पर्धेच्या काळात आपण मानसिक तणावातून जात होतो, हे तिने त्याच रात्री सांगितलं. तिने आपल्या श्रद्धेप्रमाणे देवाचे आभार मानले, आणि देशाला फायनलमध्ये नेणारी ही खेळी ताजी असतानाच काहींनी तिला तिच्या धर्मावरून बोलायला सुरुवात केली. तीन दिवसांनी भारत विश्वविजेता झाला. मैदानात देवाचे आभार मानणारे खेळाडू आपण वर्षानुवर्षं बघतो. तेव्हा अडचण येत नाही.

त्या फायनलच्या रात्री मात्र खचाखच भरलेल्या स्टेडियममध्ये बाया, मुली, लहान पोरं, बापलेकी सगळे होते. जागा दिली की लोक येतात.

'थोडी मजा तर चालायचीच ना?'

चालायलाच पाहिजे. चेष्टा नसेल तर आयपीएल अळणी होईल. जुने सामने उकरून काढा, आकडे तोंडावर फेका, हरलेल्याकडून भेळ वसूल करा. सगळं सभ्य, सगळं गुळमुळीत करा असं मी म्हणत नाही. रविचंद्रन अश्विननेही २०२४ मध्ये हार्दिकच्या निमित्ताने हेच सांगितलं होतं: फॅनची भांडणं या घाणेरड्या वळणावर जाता कामा नयेत, शेवटी हे खेळाडू एकाच देशाचे आहेत.

हद्द ओळखायला एक सोपी चाचणी आहे. लिहिलेल्या वाक्यातून खेळ काढून टाका आणि काय उरतं ते बघा. 'याला शॉर्ट बॉल खेळता येत नाही' यातून खेळ काढला तर काहीच उरत नाही. ही टीका आहे, बिनधास्त करा. 'याच्या बायकोला...', 'हे त्याच जातीचे...', 'तो पाकिस्तानात जा...' यातून खेळ काढला तरी वाक्य तसंच उभं राहतं. म्हणजे त्यात खेळ कधी नव्हताच.

आणि आपले लोक मनात आणलं तर काय करू शकतात, त्याचंही उदाहरण आहे. ३१ जानेवारी १९९९, चेन्नई. पाकिस्तानने भारताला १२ धावांनी हरवलं. चेपॉकच्या प्रेक्षकांनी उभं राहून पाकिस्तानी संघाला टाळ्या दिल्या. ते प्रेक्षक काही कमी भारतीय नव्हते.

कायदा काय सांगतो?

थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. धमकी देणं हा कलम ३५१ खाली गुन्हा आहे, नाव लपवून धमकी दिली तर शिक्षा वाढते. मुलीचा ऑनलाइन पाठलाग करणं कलम ७८ मध्ये, स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणारे शब्द कलम ७९ मध्ये येतात. धर्म, जात यावरून गटागटांत वैर पसरवणं कलम १९६ मध्ये येतं. अश्लील मजकुरासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ आहे. 'फेक अकाउंट आहे, कोण पकडतंय' या भरवशावर राहू नका.

त्रास तुम्हाला होत असेल तर आधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख आणि अकाउंटचं नाव दिसू द्या, लिंक जपून ठेवा, मगच ब्लॉक करा. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते.

ग्रुप अॅडमिनबद्दल नेहमी विचारलं जातं. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदियाच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अॅडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. दोघांचा हेतू एकच होता हे दिसायला हवं. म्हणजे अॅडमिनच्या डोक्यावर तलवार टांगलेली नाही. पण अधिकार आहेत: कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करणं, ग्रुप थोडा वेळ फक्त अॅडमिनसाठी बंद करणं, सदस्याला काढणं. ते वापरायला न्यायालयाच्या आदेशाची गरज लागत नाही.

गोदावरीला २०१९ मध्ये पूर आला तेव्हा सायखेडा-चांदोरीत पाण्यात उतरलेल्या पोरांनी कोणाची जर्सी बघितली नव्हती. तीच पोरं मार्च-एप्रिलमध्ये ग्रुपवर असतात. माणसं चांगली आहेत, ग्रुपला नियम नाहीत एवढंच. म्हणून मॅचच्या आधी ग्रुपवर टाकायला हे पाच नियम. हवे तर जसेच्या तसे कॉपी करा:

१. खेळावर काहीही बोला. घर, बाई, मूल, जात, धर्म, रंग यावर एक शब्दही चालणार नाही.

२. 'छपरी' आणि कुठल्याही समाजाच्या नावावरून आलेली शिवी टाकली तर मेसेज डिलीट. दुसऱ्यांदा टाकली तर त्या हंगामापुरतं बाहेर.

३. भांडण वाढलं की अॅडमिन ग्रुप अर्धा तास बंद ठेवेल. आपल्या टीमचा असला तरी.

४. मुलगी असो, नवीन पोरगं असो, फॅन असल्याची परीक्षा कोणी घ्यायची नाही.

५. शिवी दिसली तर उत्तर देऊ नका, फॉरवर्ड करू नका. अॅडमिनला सांगा.

पुढच्या मॅचला टॉस साधारण सातला होतो. नियम टाकायला त्याच्या आधीची पाच मिनिटं पुरेत.